न कळवलेले गुण

साल्मेलांच्या घरात वाईट बातमी कुणी कुणाला सांगत नाही. ती कॉफीच्या किटलीशेजारी टेबलावर ठेवून देतात, ज्याची त्याने बघावी. रोंडाला हे ठाऊक होतं. उत्तर मिशिगनमधल्या याच घरात ती वाढली होती. पण बोस्टनला जाऊन तिला इतकी वर्षं झाली होती की माणसं तोंड उघडून सांगतात, विचारतात, याची सवय तिला लागून गेली होती. वाईट सवय, असं तिचे वडील म्हणाले असते. तेही म्हणाले नसते म्हणा. नुसते खिडकीबाहेर बघत बसले असते.

गुरुवारी संध्याकाळी निकाल लागणार होता. आयनोला, म्हणजे रोंडाच्या भावाच्या, डेलच्या, मुलीला, बोस्टनच्या त्या कॉलेजात घेतलं की नाही याचा. गुरुवारी रात्री रोंडाने फोन केला, कुणी उचलला नाही. निरोप पाठवला, उत्तर नाही. शुक्रवारी शिकागोला बर्फाने विमानं अडकली आणि ती विमानतळावरच्या खुर्चीत कोट अंगावर घेऊन झोपली, तेव्हाही हातातला फोन गप्पच होता. डेलला पहाटे रस्त्यावरचा बर्फ काढायला जावं लागतं, घर लवकर झोपतं, अशी तिने स्वतःची समजूत घातली. तिच्या बॅगेत, सगळ्यात वर, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मफलर होता. त्या कॉलेजचे रंग. रोंडा स्वतः तिथेच शिकली होती आणि आता त्याच शहरात दुसऱ्या एका छोट्या कॉलेजात मुलांना खडक ओळखायला शिकवत होती. मफलर घेताना दुकानातल्या मुलीने विचारलं होतं, भेट द्यायचीय का? रोंडा म्हणाली होती, हो, घरच्यांसाठी. हा शब्द उच्चारून तिला बरं वाटलं होतं.

शनिवारी दुपारी गावाजवळच्या विमानतळावर डेल तिला घ्यायला आला. काउंटीच्या बर्फगाडीवर काम करून त्याचे खांदे रुंद आणि डोळे बारीक झाले होते. तिची बॅग त्याने पिकअपच्या मागे टाकली आणि ते निघाले. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, मधून रस्ता. डेलने तिला ट्रकच्या गिअरचा आजार सांगितला. हेक्कीनेनच्या कोठाराचं छप्पर बर्फाने बसलं ते सांगितलं. कोठारातली गाय कशी वाचली तेही सांगितलं, सविस्तर.

"आयनो कशी आहे?" शेवटी रोंडाने विचारलं.

"बरी आहे."

"आणि?"

डेलने काच पुसायची दांडी एक खटका वाढवली. "बेथने पॅस्टी केल्यात," तो म्हणाला.

तेव्हाच रोंडाला कळायला हवं होतं. कळलंही असेल. माणसाला कळतं ते सगळं तो लगेच मान्य करतो असं थोडंच आहे.

घरात शिरताच वेलदोड्याचा वास आला. मुम्मूने निसू भाजला होता, वेण्या घातलेला गोडसर पाव, जो या घरी लग्नालाही असतो आणि दफन करून आल्यावरही असतो. मुम्मू म्हणजे हेल्मी साल्मेला, रोंडा आणि डेलची आई; पण आयनो झाल्यापासून सगळं घर तिला 'आजी'च्या या फिनिश शब्दानेच हाक मारी, तिची स्वतःची मुलंसुद्धा. मुम्मूने रोंडाचा गाल हातात धरला, "वाळलीस," म्हणाली आणि कॉफी ओतायला वळली. बेथ, डेलची बायको, ओव्हनपाशी होती. तिने मिठी मारली, पण एका हाताने. दुसऱ्या हातात ट्रे होता. आयनो टेबलापाशी बसून बोटाने साखरेचे दाणे गोळा करत होती. ती सतरा वर्षांची होती, आणि तिची हनुवटी साल्मेलांची होती, म्हणजे बंद.

सगळे जेवायला बसले. पॅस्टी म्हणजे मांस-बटाट्याच्या गरम करंज्या, वर केचप. बर्फाबद्दल बोलणं झालं, मग पुन्हा बर्फाबद्दल. मग मुम्मूने कपात बघत म्हटलं, "पोरीला थांबवून ठेवलंय."

हो नाही, नाहीही नाही. या फेरीत घेतलं नव्हतं. वसंतात, हजारो जणांच्या गर्दीत, तिचा अर्ज पुन्हा उघडून बघणार होते.

रोंडा लगेच बोलायला लागली. थांबवून ठेवणं म्हणजे नकार नव्हे, हे तिने सांगितलं. स्पर्धा किती वाढलीय, तिच्या वेळी कशी नव्हती, देशभरातून कशी मुलं येतात, व्हायोलिनवाली, तलवारबाजीवाली, आफ्रिकेत विहिरी खणून आलेली. यात आयनोचं काही कमी नाही, नुकसान त्यांचंच. आपला वर्गातला आवाज तिला मध्येच ऐकू आला, पण थांबता येईना. बाकीचे जेवत होते. डेलने केचपची बाटली मुम्मूकडे सरकवली, मुम्मूने परत त्याच्याकडे. कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना. त्या शांततेची रोंडाला ओळख होती: खोलीतल्या एकालाच काही माहीत नसतं, तेव्हाची शांतता. लहानपणी ती कायम बाकीच्यांबरोबर असे. आज पहिल्यांदा ती दुसऱ्या बाजूला बसली होती.

बेथ मूळची साल्मेला नव्हे. ती तलावापलीकडच्या फ्रेंच कॅनडियन घरातली. ते लोक आधी भांडतात आणि मग जेवतात. साल्मेला आधी जेवतात आणि मग भांडत नाहीत. वीस वर्षांत बेथने हे पुष्कळ शिकून घेतलं होतं, पण त्या दुपारी ते तिला पुरलं नाही.

"हॉयर बाईंनी काल कॉलेजात फोन केला होता," ती म्हणाली.

"बेथ," डेल म्हणाला.

"काय बेथ? ती इथे बसून पोरीला व्हायोलिनच्या गोष्टी सांगतेय. मला नाही ऐकवत."

हॉयर बाई म्हणजे शाळेत पुढच्या शिक्षणाचं बघणाऱ्या. त्यांच्याकडे अशा तीन शाळा होत्या आणि तिन्हींमधला बर्फ. आयनोला थांबवल्याचं कळल्यावर त्यांनी धीर करून कॉलेजला विचारलं होतं, काय कमी पडलं? पलीकडचा माणूस सज्जन होता. त्याने सांगितलं, शाळेतली श्रेणी पहिल्या दर्जाची, शिक्षकांची पत्रं चांगली, निबंध तर आम्ही एकमेकांना वाचून दाखवला. पण गेल्या कित्येक वर्षांत तुमच्या शाळेतून आमच्याकडे कुणी आलेलं नाही. तुमच्याकडचा पहिला दर्जा म्हणजे किती, हे कशाला लावून बघायचं? सॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण असते तर धरायला काहीतरी मिळालं असतं. आमच्या नेहमीच्या मुलांपेक्षा कमी असते तरी चाललं असतं, अशा शाळेतून तेवढे मिळाले यालाच आम्ही वजन देतो. परीक्षा दिली नव्हती का तिने?

"आणि हॉयर बाईंना सांगावं लागलं," बेथ म्हणाली, "दिली होती. सोळाशेपैकी चौदाशे तीस होते. कळवले नाहीत."

कोणी कळवू नका म्हणून सांगितलं होतं, ते बेथ बोलली नाही. बोलायची गरजच नव्हती. बेथची रोंडावर एवढी तरी माया होती.

रोंडाच्या डोळ्यांपुढे ऑक्टोबरमधली तिची स्वयंपाकघरातली खिडकी आली. खांद्यावर फोन धरून तिने कॉलेजचं पान उघडलं होतं. गुण कळवायचे की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, असा त्यांचा आता नियम होता. आणि खाली लिहिलं होतं, घेतलेल्या मुलांपैकी बहुतेकांचे गुण कुठून कुठपर्यंत असतात. चौदाशे तीस त्या पट्ट्याच्या खाली होते. "नको कळवू," तिने आयनोला सांगितलं होतं. "खालचा आकडा दाखवून कशाला त्यांच्या हातात काठी द्यायची? न कळवण्याचा हक्क आहे, तो वापर." बोलताना आपण हुशार आहोत, आतल्या गोटातल्या आहोत, असं तिला वाटलं होतं. मग ती मागची खोली रंगवायला गेली होती. फिकट पिवळा रंग. कुणी रविवारी आलं आणि उशीर झाला तर राहायला बरी.

"मला वाटलं..." रोंडा म्हणाली.

डेलने बहिणीची बाजू घ्यायचा प्रयत्न केला. उन्हाळाभर आयनोने जावं की नाही यावर घर दुभंगलं होतं. पुलापलीकडचं विद्यापीठ तिला आधीच घ्यायला तयार होतं. तिथे जाईल, रोज रात्री जेवायला घरी येईल, असं बेथचं म्हणणं. डेल मात्र बहिणीच्या बाजूने, जाऊ दे म्हणणारा. आता तो म्हणाला, रोंडाला तिथली माहिती, तिला जे बरोबर वाटलं ते तिने सांगितलं, झालं गेलं.

"तू तर बोलूच नकोस," बेथ त्याच्याकडे वळली. "गेल्या वसंतात शाळेच्या दारातल्या फलकावर मुख्याध्यापक पोरीचे गुण लावणार होते. तू जाऊन नको म्हणून आलास."

"आपण असं मिरवत नाही."

"हॉकीचे गोल लावतात त्या फलकावर. तेव्हा तू गाडी थांबवून वाचतोस."

डेलचे कान लाल झाले. मिशिगनमध्ये अकरावीचं प्रत्येक पोर ती परीक्षा देतं, शाळेतच, व्यायामशाळेत टेबलं मांडून. त्यात चौदाशे तीस म्हणजे त्या शाळेत कुणाच्या आठवणीत नव्हते एवढे. आणि ते माहीत होतं घरातल्या माणसांना, मुख्याध्यापकांना आणि हॉयर बाईंना. बस. रोंडाला एक विचित्र गोष्ट लक्षात आली. डेलने तो आकडा मोठा म्हणून लपवला होता आणि तिने लहान म्हणून. पोर मधल्या मध्ये राहिली होती.

"तुला तर ती जायलाच नको होती," डेल बायकोला म्हणाला.

"नकोच होती. अजूनही नको आहे." बेथ म्हणाली. "पण ती कोण आहे ते बघून तर त्यांनी नाही म्हणावं. त्यांना अर्धीच पोर दाखवली आपण."

मुम्मू उठली आणि सगळ्यांच्या कपांत कॉफी ओतली, भरलेल्या कपांतसुद्धा.

अजून पाठवता येतील, असं रोंडा म्हणाली. थांबवलेल्यांना नवीन काही कळवायची मुभा असते. जानेवारी उजाडायच्या आत कळवले की झालं, कॉलेजच्या पानावर जाऊन भरायचे फक्त. आजच भरू. आत्ता. बेथ म्हणाली, भर बाई. डेल म्हणाला, भरायला हरकत नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिघं एका बाजूला आली आणि तिघांनी मिळून आयनोकडे पाहिलं.

आयनोने बोटावरची साखर ताटात झटकली.

"आधी सौना," ती म्हणाली.

साल्मेलांचा सौना, म्हणजे वाफेने अंग शेकायची खोली, घराच्या आधीचा. आयनोच्या पणजोबांनी खाणीत काम मिळाल्यावर आधी ती लाकडी खोली बांधली, पहिला हिवाळा त्यातच काढला. रोंडाचे वडील तिथल्या खालच्या बाकावर जन्मले. शनिवारी सौना चुकत नाही, आणि तिथे आवाज चढवायचा नाही ही रीत. देवळात एक वेळ चालेल, सौनात नाही. रोंडाच्या आजीचं म्हणणं असं, की आत भांडण झालं तर वाफ रुसते आणि वर्षभर अंगाला लागत नाही. आयनोने दुपारपासून मेपलची लाकडं घालून दगड तापवले होते. आत्याशी बोलायला तिने हीच जागा निवडली, यात भोळेपणा नव्हता.

बेथने भांडी घासायची आहेत म्हणून सांगितलं. भांडी फार नव्हती. मुम्मू त्यांच्याबरोबर आली, पण डॉक्टरांनी तिला उष्णता वर्ज्य केली होती, म्हणून ती बाहेरच्या छोट्या खोलीत, कपडे टांगायच्या खुंट्यांखाली, विणकाम घेऊन बसली. मधलं दार जुनं होतं आणि पुरतं लागत नसे.

आत अंधुक होतं. दोघी वरच्या बाकावर बसल्या, उघड्या अंगाने, एकमेकींकडे न बघता. सौनात कुणी कुणाकडे बघत नाही, म्हणूनच तिथे बोलता येतं. आयनोने लाकडी पळीने दगडांवर पाणी टाकलं. चर्र आवाज झाला आणि वाफ आढ्याला जाऊन त्यांच्या खांद्यांवर उतरली. 

"आत्या, आकडा कमी आहे असं तुला वाटलं, की मी कमी आहे असं वाटलं?"

रोंडाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. शहाणी उत्तरं पुष्कळ होती. पट्टा, टक्केवारी, धोका. उष्णतेत ती एकेक करून विरघळली.

"मी तिथे गेले तेव्हा," ती म्हणाली, "पहिल्या आठवड्यात जेवणाच्या खोलीत मुली एकमेकींना गुण विचारत होत्या. सहज, गाव विचारावं तसं. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितले. कुणी काही वाईट बोललं नाही. एक मुलगी म्हणाली, अरे वा, छान. आणि तिने विषय बदलला, माझ्यावर उपकार म्हणून. तेव्हा मला कळलं की त्या टेबलावर सगळ्यांत खाली मी आहे. त्या गुणांच्या जोरावरच मी इथून गेले होते, आयनो. आणि तिथे पोचल्यावर ते मी पुन्हा कधी कुणाला सांगितले नाहीत."

"कधीच?"

"विचारणारंही कुणी राहिलं नाही म्हणा. पण मनात राहतं. चुकून आत आले, आणि एक दिवस कुणीतरी येऊन सांगेल, बाई, चूक झाली. तुझा आकडा बघितला आणि मला ते टेबल दिसलं. तुला तिथे बसवायचं नव्हतं मला."

 आयनोच्या हनुवटीवरून घाम थेंबाथेंबाने बाकावर पडत होता.

"म्हणजे तू तो तिथून बघितलास," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तू तरी इथून बघशील. तू दोन्हीकडची आहेस ना."

रोंडाला वाटलं, दोन्हीकडची असतं तर बरं झालं असतं.  आयनोने आणखी पाणी टाकलं, या वेळी थोडं, जपून.

"आत्या, रविवारी तुझ्याकडे जेवायला कोण येतं?"

प्रश्न इतका साधा होता की रोंडाला चुकवता आला नाही. "कुणी नाही येत," ती म्हणाली. "मी सूप करते. बुधवारपर्यंत पुरतं."

"मैत्रिणी?"

"आहेत की. चांगल्या आहेत. त्या आपापल्या घरी जेवतात."

दाराबाहेर विणकामाच्या सुयांचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

"बाबा म्हणाले तू खोली रंगवलीस."

"पाहुण्यांसाठी."

"आत्या."

"बरं. तुझ्यासाठी." सौनात घामाचा एक उपयोग असतो, डोळ्यांतून काय येतंय ते वेगळं दिसत नाही. "तुला सांगणार नव्हते. तुला वाटायला नको की त्यासाठी..."

"मला वाटतंच आहे," आयनो म्हणाली. तिचा आवाज कठोर नव्हता. तिने नीट, हळू, सौनातल्या आवाजात सांगितलं. "आईला मी रोज रात्री टेबलाशी हवी आहे. तुला दर रविवारी. बाबांना मी कुठेतरी जायला हवी आहे, कारण ते गेले नाहीत. गुण पाठवायचे की नाही हे कुणी विचारलं की मला वाटतं, कुणाच्या टेबलाशी बसू हेच विचारतायत. म्हणून मी कालपासून काहीच केलं नाही."

रोंडाने मान हलवली. 

"मी पाठवणार आहे," आयनो म्हणाली. "मला त्यांनी सगळं बघायला हवंय. पण बोलावलं तर येईन की पुलापलीकडे जाईन, ते मी तेव्हा ठरवीन. आणि आले तरी दर रविवारी येईन असं धरू नकोस. मलाही मैत्रिणी होतील."

"होतील," रोंडा म्हणाली. "नक्की होतील."

"खोलीचा रंग कुठला?"

"पिवळा. फिकट."

"छान आहे," आयनो म्हणाली. मग तिने विचारलं, "त्या मुलीच्या 'अरे वा, छान'सारखं वाटलं का?"

रोंडा हसली. खरोखरची हसली, बऱ्याच दिवसांनी, आणि गरम हवा छातीत जाऊन तिला ठसका लागला.

दारावर सुईने टकटक झाली. "पाणी घाला, नाहीतर बाहेर या," मुम्मू म्हणाली. "लाकूड फुकट जातंय."

केस ओलेच ठेवून आयनोने स्वयंपाकघरातल्या टेबलावर संगणक उघडला. बेथ तिच्या मागे उभी राहिली, फडकं हातात पिळत. डेल सौनासाठी टॉवेल खांद्यावर टाकून दारात थांबला होता, जणू जाता जाता सहज. आयनोने आकडा भरला, एकदा वाचला, बटण दाबलं.

"झालं?" डेलने विचारलं.

"झालं."

"एवढंच होतं?"

"एवढंच होतं, बाबा."

तो सौनाकडे गेला. त्या संध्याकाळी तो आत इतका वेळ बसला की बेथने दोनदा खिडकीतून बघितलं. बेथने मात्र रोंडासमोर निसूचा कडेचा तुकडा ठेवला, साखरेचा, जो या घरात ज्याला खरंच माफ करायचं त्याला देतात. "खा," ती म्हणाली. "वाळलीयेस खरं." मफलर बॅगेतच राहिला. आता तो देणं म्हणजे पुन्हा एक टेबल पुढे करणं होतं, आणि तेवढं रोंडाला कळत होतं.

रविवारी थंडी इतकी होती की चर्चला जाताना रोंडाने तो मफलर स्वतःच्याच गळ्याला गुंडाळला. प्रार्थना झाली आणि सगळे तळघरात कॉफीला उतरले. लांब टेबलं, कागदी आच्छादनं, पातळ कॉफी. इर्मा लाहतीने मफलर चिमटीत धरून लोकर बघितली आणि ऊबदार असेल म्हणाली. त्या रंगांचा अर्थ तिथे कुणाला माहीत नव्हता. बायकांनी रोंडाला विमानाचं विचारलं, शिकागोच्या बर्फाचं विचारलं. बोस्टनला काय करतेस, हे कुणी विचारलं नाही. पूर्वी विचारत, मग उत्तर लक्षात राहीना तेव्हा विचारायचं थांबल्या. रोंडा कप दोन्ही हातांत धरून टेबलाच्या टोकाला बसली. आयनो पलीकडे तिच्या वयाच्या पोरांत होती, कशाला तरी हसत होती, आणि इकडे बघत नव्हती. तेच बरोबर होतं.

इर्माने आवाज खाली आणून विचारलं, "हेल्मी, पोरीला नाही म्हणाले असं ऐकलं. खरं का?"

मुम्मूने साखर ढवळली. पन्नास वर्षं ती या टेबलाशी बसत आली होती, आणि पन्नास वर्षांत तिने इथे बर्फ, गुडघे आणि मेलेली माणसं याखेरीज कशाबद्दल काही सांगितल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"थांबवलंय," मुम्मू म्हणाली. आणि मग, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात, "तिला चौदाशे तीस गुण आहेत. त्या मोठ्या परीक्षेत."

चमचे थांबले. पुढच्या टेबलावर डेलने बुटांकडे बघायला सुरुवात केली. कुणी तळघरात उभं राहून गाणं म्हटलं असतं तरी बायका इतक्या बावरल्या नसत्या. इर्माने काहीतरी म्हणायचं म्हणून "हो का," म्हटलं आणि पावाची थाळी पुढे सरकवली.

मुम्मूने एक तुकडा घेतला, पण खाल्ला नाही.

"रोंडाला बाराशे ऐंशी होते," ती म्हणाली.

टेबलाच्या टोकाला रोंडाने कप बशीत ठेवला. घरात तो आकडा तिने एकदाच सांगितला होता, शाळेच्या शेवटच्या वर्षी, याच दिवसांत, वडील बूट काढत असताना. त्यांनी मान हलवली होती, आणि आई चुलीपासून मागे न वळता बटाटे सोलत राहिली होती. ऐकलं की नाही, हेही तेव्हा कळलं नव्हतं.

"बाराशे ऐंशी," इर्मा म्हणाली. "म्हणजे चांगले असतात का ते?"

"असावेत," मुम्मू म्हणाली. "त्यानंतर ती घरी राहिली नाही."